पाण्याच्या वाटेतला बुडबुडा

समजा, तुम्ही पाणी आहात.

हसू नका, खरंच समजा. एका उंच इमारतीच्या तळघरात काँक्रीटची टाकी आहे आणि त्या टाकीत तुम्ही पडून आहात. आजूबाजूला काळोख आणि गारवा. वर माणसं चालतात, जेवतात, भांडतात, झोपतात. तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला कोणी पिणार नाही, तुमच्यात कोणी कपडे धुणार नाही. तुमचं काम एकच, वाट बघत राहायचं. कदाचित वर्षानुवर्षं. आणि मग एखाद्या वाईट दिवशी वर कुठेतरी आग लागते. त्याच क्षणी शेजारच्या खोलीतला पंप गरजतो आणि तुम्हाला हाक मारतो, चला, सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचंय, आत्ताच्या आत्ता!

आता मला सांगा, टाकीपासून पंपापर्यंतची वाट कशी असायला हवी? शाळा सुटल्यावर फाटकात काय होतं ते आठवा. फाटक अरुंद असेल तर ढकलाढकली, कुणाचं दप्तर अडकतं, कुणाची चप्पल निघते. तेच फाटक रुंद असेल तर तुम्ही गप्पा मारत आरामात बाहेर पडता. पाण्याचंही तसंच. म्हणून पंपाकडे येणारा पाईप पंपाच्या तोंडापेक्षा मोठा घेतात, आणि पंपाच्या अगदी दारात आल्यावर तो निमुळता करतात. पाण्याने धापा टाकत यायचं नाही. शांतपणे चालत यायचं आणि मग पंपाने त्याला उचलून आभाळाकडे फेकायचं.

ही गोष्ट अशाच एका वाटेची आहे, आणि एका मुलीची. तिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती.

भिंगरीचे आजोबा म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात राहत. त्यांचे पाय गेले होते, पण कान शाबूत होते. जन्मभर त्यांनी रेल्वेच्या यार्डात एकच काम केलं होतं. लांब दांड्याची हातोडी घ्यायची, उभ्या गाडीच्या प्रत्येक चाकावर एक टोला मारायचा आणि आवाज ऐकायचा. चांगलं चाक घंटेसारखं बोलतं, तडा गेलेलं चाक फुटक्या हंड्यासारखं. निवासात त्यांची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती, आणि तिच्या खिडकीतून ते यार्ड दिसायचं. दिवसभर ते खिडकीत बसून गाड्या बघत. "मी अजून कामावरच आहे," ते म्हणत, "फक्त जरा उंचावरून बघतो."

पण आता ती खोली बंद होती. इमारतीचा जुना पंप दमलेला निघाला होता, आणि वरच्या मजल्यांवर पाणी पोहोचत नाही म्हटल्यावर अग्निशमन खात्याने ते मजले रिकामे करायला लावले होते. वरची सगळी मंडळी तळमजल्याच्या हॉलमध्ये ओळीने मांडलेल्या खाटांवर आली होती. नवीन पंप बसत होता. उद्या अधिकारी बाई येणार, पंप चालवून बघणार, आणि गच्चीवर पुरेशा जोराने पाणी आलं तरच मजले उघडणार. नाही आलं, तर हॉलमध्ये एवढ्या माणसांना फार दिवस ठेवता येणार नव्हतं. त्यांना दूरच्या एका गावातल्या निवासात हलवणार होते. तिथे सगळं होतं म्हणे. रेल्वे तेवढी नव्हती.

आणि गंमत बघा, तो नवीन पंप बसवत होती आजोबांचीच दोन मुलं. भिंगरीची आई आणि भिंगरीचा मामा.

आई पाईपांची मापं ठरवायची. किती मजले, किती पाणी, किती जोर, पाईप केवढा, हा सगळा हिशोब तिचा. मामा ते पाईप कापायचा, जोडायचा, बसवायचा. दोघांचं लहानपणापासून एक मिनिट पटत नसे आणि दोघांचा एकमेकांच्या कामावर डोळे झाकून विश्वास होता.

त्या दिवशी दुपारी त्यांनी पंप पहिल्यांदा चालवून बघायचं ठरवलं. उद्याच्या आधी आपलं आपण. भिंगरी हॉलमध्ये आजोबांच्या खाटेपाशी होती. हॉलच्या कोपऱ्यातून एक लाल पाईप वर जात होता, तिच्या दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा. पंपाचं पाणी याच वाटेने गच्चीवर जाणार होतं.

"ढकल मला तिकडे," आजोबा म्हणाले. तिने त्यांची चाकांची खुर्ची पाईपाजवळ नेली. त्यांनी पाईपावर तळहात ठेवला आणि मग कान टेकवला. "तूही टेकव. तोंडाने नाही गं, कानाने ऐकायचं. गप्प बस म्हणजे झालं."

आधी काहीच नव्हतं. मग खोलवर कुठेतरी घुमल्यासारखं झालं. पाईप थरथरला. भिंगरीच्या अंगावर काटा आला. जमिनीखालचं एवढं मोठं पाणी उठून उभं राहिलं होतं आणि तिच्या कानापासून बोटभर लोखंडापलीकडून वर धावत होतं.

आणि मग, खडखड. खडखड खडखड. कुणीतरी बादलीत खडे घालून हलवावेत तसं.

आजोबांनी डोळे उघडले. "चाक फुटकं आहे," ते म्हणाले.

"आजोबा, इथे चाक नाहीये."

"पंपाच्या आत काय असतं मग? चाकच की. जा, तुझ्या आईला सांग, आत खडे वाजताहेत."

भिंगरी धावत तळघरात पोहोचली तेव्हा पंप बंद झाला होता आणि भांडण सुरू झालं होतं. दाबाचा काटा जिथे जायला हवा तिथे गेला नव्हता. गेला नव्हता एवढंच नाही, तर थंडी वाजल्यासारखा कापत होता.

"पाईप लहान धरलास तू," मामा म्हणत होता.

"लहान? अरे, पंपावर लिहिलंय त्याच्या दीडपट पाणी खेचलं तरी या पाईपातून ते सावकाश येईल, असा हिशोब केलाय मी. तूच आत काहीतरी विसरला असशील. चहाचा कप बिप."

"मी कप विसरत नाही. मी चहाच विसरतो, तुझ्या धाकाने."

"आजोबा म्हणतात, आत खडे वाजताहेत," भिंगरी म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले. आवाज त्यांनीही ऐकला होता. पण पंपाच्या गोंगाटात त्यांनी तो मोटरचा धरला होता.

"खडे!" आई म्हणाली. "वेल्डिंगचे तुकडे आत राहिले असणार. खोल."

मामाचा चेहरा पडला. त्याने प्रत्येक पाईप धुऊन, फडकं फिरवून मग जोडला होता. तरी त्याने पाना उचलला. टाकीजवळची झडप बंद केली, पाईपातलं पाणी काढून टाकलं आणि पंपाच्या अलीकडचे बोल्ट एकेक करून सोडले. भिंगरीने बॅटरी धरली. आईने आत हात घातला, मामाने आत डोकं घातलं. खडा नाही, तुकडा नाही, साधी वाळूसुद्धा नाही. पाईप आरशासारखा लख्ख.

"कप सापडला का?" मामाने विचारलं.

आई हसली नाही. उलट्या बादलीवर बसून ती पाईपाकडे नुसती बघत राहिली. वरच्या हॉलमधून खुर्चीच्या चाकांचा आवाज येत होता. तो कुणाच्या खुर्चीचा, हे तिघांनाही माहीत होतं.

"पाईप कुठे खाली खचलाबिचला नाही ना, तेवढं बघतो," मामा शेवटी म्हणाला. त्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळले आणि पिशवीतून पारदर्शक नळी काढली. तुम्ही गवंड्यांकडे ती पाहिली असेल. नळीत पाणी भरतात, एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. दोन्ही टोकांचं पाणी आपोआप एकाच उंचीवर येतं, म्हणून दूरदूरच्या दोन गोष्टी एका पातळीत आहेत का ते कळतं. एवढी साधी नळी, पण खोटं बोलायचं तिला माहीत नाही. फक्त तिच्यात बुडबुडा नको.

भिंगरीने एक टोक धरलं.

"बुडबुडा आहे," मामा म्हणाला. "काढ आधी."

नळी मध्येच एका स्टुलावरून गेली होती आणि तिथे तिला उंचवटा आला होता. बुडबुडा नेमका त्या उंचवट्यात बसला होता. भिंगरीने नळीला टिचकी मारली. बुडबुडा दचकला, इकडे तिकडे सरकला आणि पुन्हा उंचवट्यात जाऊन बसला. तिने दुसऱ्यांदा टिचकी मारली. पुन्हा तेच.

"हा दुसरीकडे कुठे जातच नाही, मामा."

"जाणार कसा? हवा हलकी, ती वरच बसणार. स्टूल काढ, नळी चढती धर, म्हणजे जाईल बाहेर."

भिंगरीने स्टूल काढलं. बुडबुडा नळीतून सुळकन वर गेला आणि टोकातून फट्‌ करून पळाला. तिला मजा वाटली. मग तिने टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या मोठ्या पाईपाकडे पाहिलं. पंपाच्या दारात तो निमुळता होत होता, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने उतरता. सपाट बाजू जमिनीकडे होती. उतरती बाजू वर, घसरगुंडीसारखी.

"मग या पाईपातला बुडबुडा कुठून बाहेर जातो?" तिने विचारलं.

मामा उत्तर द्यायला वळला. त्याची नजर त्या घसरगुंडीवरून वर सरकत गेली.

आई बादलीवरून उठली. सावकाश पाईपाजवळ आली आणि घसरगुंडीच्या वरच्या टोकावर तिने हात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

"जात नाही," ती म्हणाली. "इथेच बसतो."

ते कसं, तेही समजून घ्या. मामाने याआधी सगळी वर्षं कारखान्यांत काढली होती. तिथे पाईप लांबच लांब मांडणीवर ओळीने निजलेले असतात, आणि निमुळता तुकडा लावताना सपाट बाजू नेहमी खाली ठेवतात, म्हणजे सगळ्यांचं पोट एका रेषेत राहतं आणि टेकू सारख्या उंचीचे करता येतात. मामाच्या पाईपांची पोटं बघायला लोक यायचे. हात आपोआप चालत होते त्याचे. इथेही त्याने तसंच केलं. पण पंपाच्या दारात सपाट बाजू वर हवी. छत सपाट असलं की हवेला दबा धरून बसायला कोनाडा मिळत नाही. इथे मात्र कोनाडा होता. त्यात हवा साठत होती, आणि पंप जोरात फिरला की तिचे लचके आत ओढले जात होते. पंपाचं चाक पाण्याला धरायला बनलेलं आहे. हवा त्याच्या मुठीतून निसटते. म्हणून ती खडखड, म्हणून तो कापणारा काटा. एवढं मोठं लोखंडी यंत्र, आणि त्याला जेरीला आणत होती ती मूठभर हवा!

"नकाशात मी सपाट बाजू वर दाखवली होती," आई म्हणाली. "आणि परवा मी इथे उभी राहून सगळं तपासलं. मापं पाहिली. बाजू पाहिलीच नाही. तुझं काम म्हटल्यावर बघायचं काय, असं झालं."

"वर एक छोटा नळ लावू का?" मामाने विचारलं. "चालू करायच्या आधी हवा सोडून द्यायची."

"आग लागल्यावर तो नळ उघडायला कोण येणार? तू?"

मामाची नजर पाईपावरून टाकीच्या भिंतीपर्यंत गेली. मग एकदम त्याने कपाळावर हात मारला. "अगं ताई, ते भोक!"

टाकीच्या भिंतीतून पाईप जिथे बाहेर येतो ते भोक मामाला तीन बोटं खाली वाटलं होतं. त्याने गवंड्याला विचारलंही होतं की डोळ्यांत सिमेंट गेलं होतं का. मग पाईप वर उचलायला त्याने मध्ये दोन बाक असलेला तुकडा घातला होता. आता त्याने हाताने हवेत तो निमुळता तुकडा उलटा करून पाहिला. सपाट बाजू वर गेली, की मोठ्या पाईपाचं पोट तेवढंच खाली येत होतं. बरोबर तीन बोटं.

"भोक जागेवरच होतं," तो म्हणाला. "बाक काढून टाकायचे. वाट सरळच आहे!"

"आणि सरळ वाट हवीच आहे पाण्याला. वळण घेऊन ते पंपात शिरलं, तर गिरकी घेतल्यासारखं भोवंडत शिरतं. बाक तू घातलेस तेही मी पाहिले, आणि म्हटलं, असेल काहीतरी कारण."

"तू मला काही विचारत नाहीस, हे पहिल्यांदाच घडलं आणि नेमकं तेव्हाच विचारायला हवं होतं," मामा म्हणाला, आणि मग मात्र आई हसली.

मामाने आधी गवंड्याला फोन लावला. "ऐक रे, तुझं भोक बरोबर होतं. हो. हो, डोळेही बरोबर होते. हस, हस पोटभर." मग त्याने कटर उचलला आणि आपले ते सुंदर, एका उंचीचे टेकू कापायला घेतले. पहिला कापताना त्याने तोंड फिरवलं होतं. ठिणग्या उडाल्या. भिंगरीला आईने काळा चष्मा दिला आणि दारात उभं केलं. बाकांचा तुकडा निघाला, त्याच्या जागी सरळ तुकडा आला. निमुळता तुकडा उलटला. या वेळी आईने सपाट बाजूवर स्वतः हात फिरवून पाहिला, आणि मामाने तिला नकाशातलं माप वाचून दाखवायला लावलं, मोठ्याने. प्रत्येकाने दुसऱ्याचं काम तपासलं आणि प्रत्येकाने दुसऱ्याला थोडं चिडवलं. संपलं तेव्हा टाकीपासून पंपापर्यंत पाईप असा गेला होता, जणू एकाच दमात ओढलेली रेघ. मामा मागे सरून बघत राहिला.

"पोटं एका रेषेत नाहीत," तो म्हणाला.

"पाठी आहेत," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी बाई आल्या. आई त्यांच्याबरोबर गच्चीवर गेली. मामा पंपाच्या खोलीत थांबला. "चल, वरून पाणी बघायला," असं आई भिंगरीला म्हणाली होती. गच्चीवरून पाण्याचा फवारा सुटताना बघायचा म्हणून भिंगरी कितीतरी दिवस तिच्या मागे लागली होती. पण हॉलमध्ये आजोबा खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर त्यांची जुनी टोपी होती आणि ते खिडकीकडे बघत नव्हते. हॉलच्या खिडकीतून फक्त समोरची भिंत आणि आभाळाची एक पट्टी दिसायची.

"मी इथे ऐकते," ती म्हणाली.

तिने खुर्ची पाईपाजवळ नेली आणि चाकांचा ब्रेक लावला. आजोबांनी कान टेकवला. तिने दुसऱ्या बाजूने टेकवला. मध्ये तो लाल पाईप, आणि दोघांची नाकं समोरासमोर. हॉलमधल्या बाकीच्या खाटांवरही बोलणं थांबलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

घुमलं. पाईप थरथरला. भिंगरीने श्वास रोखला आणि खड्यांची वाट पाहिली.

खडे आले नाहीत.

आवाज वाढत गेला, पण तो एकच आवाज होता, अखंड, खोल. एखादी खूप लांब गाडी पुलावरून जावी आणि तिचा शेवटचा डबा येऊच नये तसा. पायांखालून निघून तो तिच्या दातांत पोहोचला, कपाळात पोहोचला आणि डोक्यावरून मजल्यामागून मजला चढत गेला. काल काळोखात पडून असलेलं पाणी होतं ते. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी वाट दाखवली नव्हती. वाट नीट केली एवढंच, आणि ते निघालं.

आजोबांचे डोळे मिटलेले होते. "घंटा," ते हळूच म्हणाले. "ऐकलीस? घंटा आहे ही."

तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी चमकलं. गच्चीवरून सुटलेलं पाणी भलीमोठी कमान करून अंगणात कोसळत होतं. त्यावर सकाळचं ऊन पडलं होतं, आणि ती अरुंद पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या उजेडाने भरून गेली होती. खाटांवरची माणसं उठून बसली. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांनी माना वळवल्या. एक आजी हात जोडून बसल्या होत्या आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

आई अजून गच्चीवरच होती. अधिकारी बाईंनी अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं. पाईप तळहाताखाली गातच होता.

भिंगरीने कान काढला. वाकून आजोबांच्या खुर्चीचा ब्रेक सोडला, टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली, आणि खुर्चीचं तोंड लिफ्टकडे वळवलं.